विद्यापीठाच्या गॅप फंडासाठी अर्ज: टप्पे आणि खर्च कसे मांडायचे?

काचनळी:
शोध बाजारापर्यंत नेण्यासाठी विद्यापीठाने १२ महिन्यांचा निधी जाहीर केला आहे. आमच्याकडे पाण्यातलं नायट्रेट मोजणारा, पॉलिमर पडद्याचा सेन्सर आहे. हाताने बनवलेले ५ नग प्रयोगशाळेत नीट चालतात. टीआरएल (तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार आहे, याची १ ते ९ पट्टी) ४ म्हणता येईल. पेटंट अर्ज केलेला नाही. दोन महिन्यांनी परिषदेत पोस्टर आहे. अर्जात 'संवेदनक्षमता वाढवणे' आणि 'एक पोस्टडॉक' (पीएचडीनंतरचा संशोधक) यापलीकडे गाडी जात नाही. काय सुटतंय?

दावा_क्रमांक_एक:
निधीचं नंतर, आधी पोस्टर. अमेरिका आणि जपानमध्ये पेटंट अर्जाआधी शोध स्वतःच जाहीर केला (प्रकटीकरण), तर एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. पोस्टर लागलं की तिथलं पेटंट बहुधा गेलं. या आठवड्यातच तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात शोध-प्रकटीकरणाचा फॉर्म भरा आणि पहिला पेटंट अर्ज पोस्टरच्या आत दाखल होईल असं पाहा. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज), आणि त्याच मूळ तारखेपासून साधारण ३० महिन्यांत देशोदेशीचे अर्ज. खरा खर्च या शेवटच्या पायरीवर येतो, म्हणजे निधी संपल्यावर. तोवर परवाना घेणारी कंपनी हवी.

आणि घाईत दोन पानी पेटंट अर्ज ठोकू नका. जे त्यात लिहिलेलं नाही, त्याला त्या पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही.

मिलीव्होल्ट:
संवेदनक्षमता वाढवणं हे संशोधनच झालं, त्याला दुसरी अनुदानं आहेत. इथे समिती एवढंच बघते: कंपनी आज यात पैसे का घालत नाही, आणि ते कारण वर्षभरात दूर होईल का? तुमच्या सेन्सरची कारणं ठरलेली आहेत: नगानगांतला फरक, ड्रिफ्ट (वाचन हळूहळू सरकणं), क्लोराइडचा अडथळा आणि पडद्याचं आयुष्य (पडदा मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आणि नायट्रेट पकडणारा रेणू, म्हणजे आयनोफोर, हळूहळू पाण्यात झिरपतात). '५ नग चालतात' म्हटलं की पहिला प्रश्न येणार, किती बनवले त्यांतले ५?

टप्पे आकड्यांत लिहा. उदाहरणार्थ, चौथा महिना: ३ बॅचमधून ३० नग, त्यांतल्या किमान २७ नगांचा उतार (व्होल्टेजमधला बदल) नायट्रेटच्या दर दसपटीला ५४ ते ६० मिलीव्होल्ट (२५ अंश सेल्सिअसला सैद्धांतिक आकडा ५९.२). आठवा महिना: नदीच्या किंवा विहिरीच्या खऱ्या पाण्यात ३० दिवस. १ मिलीव्होल्ट सरकलं की नायट्रेटच्या आकड्यात सुमारे ४ टक्के चूक होते; म्हणजे वापरणाऱ्याला १० टक्के चालत असेल तर दोन कॅलिब्रेशनमध्ये ड्रिफ्ट जेमतेम २.४ मिलीव्होल्ट. ते १० टक्के कुठून आणले, हेही लिहा.

२७ नग जमले नाहीत तर निधीचा दुसरा हप्ता घेणार नाही, ही अट स्वतःच घाला. लोक कचरतात, पण समितीचा विश्वास बसतो तो यानेच.

खरेदी_विभाग:
पोस्टडॉकच्या पगारात बहुतेक निधी जातो आणि वर्षाअखेर हातात एक पेपर उरतो, नग नाहीत. त्याऐवजी सहा महिने तंत्रज्ञ, बाहेरून ३० नगांची बनावट आणि त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी धरा. घोडं पेंड खातं ते खरेदीत: दरपत्रकं आणि मंजुऱ्यांत दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून दरपत्रकं अर्ज करतानाच मागवा. बनवणाऱ्याशी गोपनीयता करार करा, आणि त्याने केलेल्या सुधारणांचा हक्क कुणाचा हेही त्यातच मिटवा.

मालकीही तपासा. आयनोफोर दुसऱ्या प्रयोगशाळेने दिला असेल तर त्यांच्या साहित्य-हस्तांतरण करारात तुमच्या शोधावर हक्क सांगणारं कलम असू शकतं. विद्यार्थी सहसा कर्मचारी नसतात. त्यांचं हक्क-हस्तांतरण पदवी घेऊन ते पांगण्याआधी सही करून घ्या.

संभाव्य ग्राहकांना 'विकत घ्याल का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. आज नायट्रेट कसं मोजता, किती वेळा, इलेक्ट्रोड कोण पुसतं आणि खरेदीवर सही कुणाची, हे विचारा.

काचनळी:
पोस्टरवर फक्त आलेख ठेवले, पडद्याची कृती झाकली तर?

दावा_क्रमांक_एक:
आलेखावरून कृती कळत नसेल तर तिचं नावीन्य टिकू शकतं. पण पोस्टरपाशी कुणी 'प्लास्टिसायझर कोणता?' विचारलं आणि तुम्ही सांगून बसलात, तर ते तोंडी प्रकटीकरण झालं. अर्ज वेळेत होत नसेल तर पोस्टर मागे घ्या.