जुळे सोलापूर, सोसायटीचा ग्रुप: सुट्टीतले भुताखेतांचे पिक्चर

बी-३०४: आठवीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि सत्तरीच्या आजी एकत्र बसणार असतील तर भुताचा किंवा राक्षसाचा कोणता पिक्चर लावावा? "भीती वाटते का" असं विचारलं की कुणी "लई" म्हणतं, कुणी "काही नाही ओ त्यात" म्हणतं. जरा नेमकं सांगा की.

ए-४०२: वहिनी, दोन्ही उत्तरं खरी असतात, कारण भीती एका जातीची नसते. दचकवणारा पिक्चर वेगळा, किळस आणणारा वेगळा. जीव टांगणीला लावणारा वेगळा, आणि तेव्हा काही न वाटता रात्री दिवा बंद केल्यावर आठवणारा आणखी वेगळा. 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) मध्ये रक्त जवळजवळ नाही, पण ११२ मिनिटांत दचके ठासून भरलेत. 'तुंबाड' (२०१८) मध्ये दचके मोजके, पण त्यातल्या म्हातारीचं रूप आठवडाभर डोक्यातून जात नाही. तुम्ही सांगितलेल्या घराला हे दोन्ही नकोत.

'जुरासिक पार्क' (१९९३) लावा. १२७ मिनिटांचा आहे. हिंदी डबिंग आहे, म्हणजे आजींना भाषेची अडचण नाही. सगळे डायनोसॉर मिळून पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं असतात, त्यामुळे मध्ये श्वास घ्यायला भरपूर जागा आहे. मोठा टी-रेक्स तासाभरानं येतो. धाकटीच्या शेजारी बसायचं ते तीन ठिकाणी: पावसात अडकलेल्या गाड्या, वीजघरातला तुटलेला हात आणि शेवटाकडे स्वयंपाकघरात दोन मुलांच्या मागे लागलेले रॅप्टर. वीजघराचा प्रसंग सरळ पुढे ढकलला तरी गोष्ट कुठे अडत नाही.

सी-२०१: दुसरीतल्या मुलीबद्दल एक जोडते. सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना रूप घाबरवतं: सुळे, डोळे, माणसाचं बघता बघता दुसरंच काहीतरी होणं. त्या वयात "अगं, खोटं असतं ते" याचा उपयोग होत नाही. मांडीवर घेणं, हातात पाण्याचा ग्लास देणं, खोलीतला दिवा लावणं याचा होतो. साधारण आठ-नऊच्या पुढे उलटं होतं. रूपाची भीती कमी होते आणि "हे आपल्या घरी झालं तर?" ही सुरू होते. या मुलांना मात्र तो प्राणी कसा बनवला ते दाखवलं की मोकळं वाटतं. टी-रेक्स खरा उभा केलेला यांत्रिक पुतळा होता. पावसाच्या दृश्यात त्याची फोमची कातडी पाणी प्यायची, तो जड व्हायचा आणि थरथरायचा. आठवीतल्या मुलाला हे आधी सांगितलं तरी त्याची गंमत कमी होणार नाही.

बी-२०२: पण सगळं आधीच सांगितलं तर बघण्यात काय उरलं?

ए-४०२: काय दिसेल आणि साधारण कुठे, एवढंच सांगायचं. कुणाचं काय होतं ते नाही. "सुरुवातीला लहान मुलाचा मृत्यू आहे" हे घरच्यांना माहीत हवं. कोणतं मूल, कसं, हे लिहायचं नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): सूचना. टेलिग्रामवरच्या किंवा कुठल्याही पायरेटेड लिंक ग्रुपवर टाकू नयेत. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून चित्रीकरण करणं आणि अशी कॉपी पसरवणं याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. गच्चीवर प्रोजेक्टर लावून सगळ्यांना दाखवण्याचा विषयही नको, ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरगुती वापरापुरतं असतं. रात्री १० नंतर आवाज दाराबाहेर येऊ देऊ नये, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

बी-१०३: आवाजाचं निघालंच आहे तर सांगतो, कारण भुताच्या पिक्चरमधली निम्मी तक्रार त्याचीच असते. "बोललेलं ऐकू येत नाही आणि मधेच कानठळ्या बसतात." हा टीव्हीचा दोष नाही. या पिक्चरचं मिक्सिंग मुद्दामच तसं असतं: कुजबुज खाली, दचका वर. थिएटरात संवादाला मधला वेगळा स्पीकर असतो. घरच्या टीव्हीत तोच ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठीचा) आवाज दोन छोट्या स्पीकरमध्ये दाबून बसवला जातो आणि संवाद बुडतात. मग आपण रिमोट घेऊन आवाज वाढवतो, आणि पुढच्या मिनिटाला दार आपटतं.

करायचं असं. आधी ॲपमध्ये ऑडिओची यादी उघडा. ५.१ आणि स्टीरिओ दोन्ही असतील तर स्टीरिओ निवडा. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम' यातलं जे असेल ते सुरू करा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, काम एकच: मोठा आवाज खाली, बारीक आवाज वर. साउंडबार असेल तर 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग'. एवढं करून संवाद स्पष्ट आला की तिथेच थांबा, पिक्चर संपेपर्यंत रिमोटला हात लावू नका.

वूफर जमिनीवर ठेवला असेल तर त्याची धडधड स्लॅबमधून खालच्या घरात जाते. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी त्याखाली घाला. खडखड थांबते. खालचा जाड बास मात्र त्यानं जात नाही, तो सेटिंगमध्येच दोन-तीन घर कमी करावा लागतो.

बी-२०२: अण्णा, आणि अंधारात काही दिसतच नाही त्याचं?

बी-१०३: टीव्हीत 'इको' किंवा 'पॉवर सेव्हिंग' बंद करा. खोलीत अंधार झाला की तो सेन्सर पडदाही मंद करतो. पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, 'व्हिव्हिड' नको. ब्राइटनेस शंभरवर नेऊ नका, काळ्याचा राखाडी होतो आणि भूत सिमेंटच्या भिंतीपुढे उभं असल्यासारखं दिसतं. काळ्या भागात चौकोनी ठिपके नाचत असतील तर टीव्ही ठीक आहे, नेट कमी पडतंय. ॲपमधली क्वालिटी 'हाय' करा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन तासांचा पिक्चर लावायचा असेल तर तेवढा हिशोब धरा.

'मोशन स्मूदिंग' नावाचं जे काही असेल ते बंदच. त्यानं पिक्चर मालिकेसारखा गुळगुळीत होतो, आणि राक्षसाच्या पिक्चरचं त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. रबराचा सूट किंवा बाहुली आहे हे लगेच कळतं.

ट्यूबलाइट समोरच्या भिंतीला असेल तर तिचा पट्टा पडद्यावर पडतो. ती बंद करून टीव्हीच्या मागे झिरोचा बल्ब लावा. डोळ्यांना त्रास कमी आणि लहानांना खोली पूर्ण काळी वाटत नाही.

सी-४०१: 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) कसा आहे? पुतण्या सारखा म्हणतोय.

ए-४०२: काका, पिक्चर उत्तम. फक्त ९० मिनिटं, कुठे रेंगाळत नाही. आवाज झाला की प्राणी येतो, म्हणून घरातली माणसं खुणांनी बोलतात. पण हा एप्रिल-मेमध्ये दुपारी लावू नका. कूलर चालू असेल तर अर्धा पिक्चर वाया. यातली भीती पायाखाली करकरणाऱ्या पायरीत आहे, ती कूलरच्या घरघरीत ऐकूच येत नाही. पहाटे गारवा असताना किंवा हेडफोनवर बघा. सुरुवातीच्या दहा-बारा मिनिटांत लहान मुलाचा मृत्यू आहे, पुढे बाळंतपणाचा एक फार ताणलेला प्रसंग आणि खिळ्याची जखम. तेराच्या पुढच्यांना चालेल.

कूलर चालूच राहणार असेल तर दणदणीत आवाजाचे पिक्चर निवडा. गॉडझिला, डायनोसॉर, शार्क. त्यांना घरघरीनं फरक पडत नाही.

बी-२०२: गॉडझिलाचा कुठला? डझनावारी आहेत.

ए-४०२: दोनच सांगतो. पहिला १९५४ चा जपानी, इशिरो होंडा यांचा. काळा-पांढरा, ९६ मिनिटं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, ती धास्ती सगळ्या पिक्चरभर आहे. सूटमध्ये माणूस आहे हे दिसतं, तरी शहर जळतानाचे प्रसंग अंगावर येतात. ती आरोळी संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी केली, डबल बास या मोठ्या वाद्याच्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासून. दुसरा 'गॉडझिला मायनस वन' (२०२३). हॉलिवूडच्या मानानं अगदी थोड्या पैशात केलेला, आणि २०२४ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर घेऊन गेला. युद्ध संपल्यावरच्या उद्ध्वस्त टोकियोतल्या माणसांची गोष्ट आहे, त्यामुळे राक्षस नसतानाही बघावासा वाटतो. राक्षसाचे पिक्चर न बघणाऱ्या माणसाला एकच दाखवायचा असेल तर हा. सबटायटल वाचायची तयारी हवी.

बी-२०२: मला 'जॉज' कंटाळवाणा वाटतो. शार्क दिसतच नाही.

ए-४०२: १२४ मिनिटांच्या पिक्चरमध्ये शार्क नीट दिसतो तो सव्वा तास उलटल्यावर, हे खरं. १९७५ चा पिक्चर. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गनं त्याच्याऐवजी पाण्याखालचा कॅमेरा, ओढले जाणारे पिंप आणि दोन सुरांचं संगीत वापरलं. आपण शार्क मनात तयार करतो, आणि तो कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा असतो. म्हणून बघणाऱ्याला आधी सांगायला हवं की हा वाट बघायला लावणारा पिक्चर आहे. "ॲक्शन आहे" म्हणून सांगितलं तर तो वीस मिनिटांत मोबाइल काढणारच.

तुम्हाला लगेच दिसणारा प्राणी हवा असेल तर कोरियाचा 'द होस्ट' (२००६) बघा. बोंग जून-हो यांनी पहिल्या पंधरा मिनिटांतच, भर उन्हात, नदीकाठच्या गर्दीत प्राणी सोडलाय. पुढची भीती प्राण्याची राहत नाही, हरवलेल्या मुलीची होते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. परीक्षण लिहिणाऱ्यानं "प्राणी कितव्या मिनिटाला" हे लिहिलं तर निम्मे गैरसमज टळतील.

डी-१०२: मराठीत काय आहे ते सांगा बाळांनो. खालचं वाचत बसायला डोळे नाहीत.

ए-४०२: अक्का, घरात पोरं असतील तर 'झपाटलेला' (१९९३). तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी चालवलाय. हसणं जास्त, पण चालता-बोलता बाहुला पाच-सहा वर्षांच्या मुलांना खरंच घाबरवतो, मग घरातल्या बाहुल्या कपाटात ठेवाव्या लागतात.

फक्त मोठ्या माणसांसाठी 'लपाछपी' (२०१७). उसाच्या फडात हरवलेलं घर आणि त्यात एक गरोदर बाई. आपल्या जिल्ह्यात ज्यानं रात्रीचा ऊस पाहिलाय त्याला वेगळं काही सांगायला नको, वारं सुटल्यावर पाचटाचा जो आवाज येतो तोच यातला खरा भुताचा आवाज. मात्र घरात कुणी गरोदर असेल किंवा नुकतंच तसलं दुःख झालं असेल तर अजिबात लावू नका. विषय थेट तोच आहे आणि पुढे ढकलून सुटण्यासारखा नाही. विशाल फुरिया यांनीच तो हिंदीत 'छोरी' (२०२१) म्हणून पुन्हा केला, पण मराठी जास्त बांधीव आहे.

'मुंज्या' (२०२४) हिंदी आहे, पण कोकणातला आणि घरात मराठी बोलणाऱ्या माणसांचा. सगळे "कॉमेडी आहे" म्हणून लहानांना बसवतात. सुरुवातीलाच मुलाचा मृत्यू आणि बहिणीचा बळी देण्याचा प्रयत्न आहे. ती दहा मिनिटं मोठ्यांनी आधी बघून ठरवावं.

सी-२०१: अक्का, आणि 'तुंबाड' लागला तर नातवंडांना उठवा. गोष्ट आपल्या मातीतली म्हणून घरोघरी सगळ्यांसमोर लावतात. तो 'ए' प्रमाणपत्राचा आहे, फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. थिएटरात आई-बाप सोबत असले तरी अठराच्या आतल्यांना प्रवेश नसतो. नवीन पिक्चरवर आता यूए (म्हणजे लहानांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायचा) ७+, यूए १३+, यूए १६+ अशा पायऱ्या असतात. जुन्यांवर नुसतं यूए असतं, त्यावरून काही कळत नाही.

बी-३०४: मग आपणच थोडक्यात लिहून ठेवूया का? म्हणजे दर शनिवारी पुन्हा विचारायला नको.

ए-४०२: लिहूया वहिनी. दहा ओळींच्या आत. किती मिनिटं, भाषा कोणती, भीती कुठल्या जातीची, प्राणी किंवा भूत कधी दिसतं, कुठलं दृश्य पुढे ढकलावं, कुणी बघूच नये. कोणत्या ॲपवर आहे ते लिहू नका, ते सारखं बदलतं. "मस्त", "भंगार" असं लिहिलंत तर पुढे "कारण" हवं. आणि पिक्चर अर्धा बघून बंद केला असेल तर तसं लिहा, तेही उपयोगाचं असतं. सुरुवात करतो:

'ट्रेन टू बुसान' (२०१६). ११८ मिनिटं. कोरियन. पळणारे झोंबी, चालत्या रेल्वेत, त्यामुळे जीव कोंडतो. झोंबी पहिल्या वीस मिनिटांतच येतात. चावे आणि रक्त आहे, पण आतडी बाहेर काढलेली दाखवत नाही. बाप आणि लहान मुलगी मध्यभागी, शेवटी मोठी माणसंही रडतात. नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर सध्या नको. चौदाच्या पुढे. जेवताना चालणार नाही.

डी-१०२: जेवताना चालेल असा एक लिहा.

ए-४०२: 'झपाटलेला' चालेल अक्का. 'एलियन' (१९७९) मात्र चुकूनही नको, त्यातला मुख्य प्रसंग जेवणाच्या टेबलावरच आहे.

बी-१०३: वहिनी, आज 'जुरासिक पार्क' लावणार असाल तर नाइट मोड कुठे सापडतो ते टीव्हीच्या मागच्या मॉडेल नंबरचा फोटो टाका, लगेच सांगतो.