आप्पेपात्रात ऑक्टोपस

(घरचा ग्रुप, शनिवार. मी जपानमध्ये, ओसाकात. वेळा घरच्या, भारतातल्या. ओसाका साडेतीन तास पुढे.)

आई, 6.40: उठलीस का गं? काल रात्रीपासून एकच टिक दिसतेय.

मी, 6.52: आई, इथे दहा वाजून गेले. किल्ल्यात आहे.

बाबा: तटबंदीचा फोटो टाक. स्वतःचा नको.

आई: स्वतःचा पण टाक.

मी: बाबा, आधीच सांगते, नाराज व्हाल. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याने 1583 मध्ये किल्ला बांधायला घेतला, पण हा जो मधला उंच वाडा दिसतोय तो 1931 चा. काँक्रीट. आत लिफ्ट आहे.

बाबा: लिफ्ट??

दादा: बाबा, आधी स्वतःचे गुडघे बघा.

मी: मूळचा 1615 च्या लढाईत जळला. ती लढाई जिंकलेल्या तोकुगावा घराण्याने दुसरा बांधला, त्यावर 1665 मध्ये वीज पडली. तिसरा शहराने वर्गणी काढून उभा केला. खालचे दगडी तट मात्र अस्सल आहेत, फक्त हिदेयोशीचे नव्हेत. त्याचे तट तोकुगावांनी मातीखाली गाडले आणि वर स्वतःचे बांधले.

बाबा: असं सरळ सांगायचं ना. जिंकणाऱ्याची हीच रीत. सांध्यात चुना आहे का?

मी: दिसला नाही. नुसता दगडावर दगड. साकुरा दरवाजाच्या आत एकच शिळा भिंतभर आहे, अंदाजे 108 टनांची. नाव ताको-इशी, म्हणजे ऑक्टोपस दगड. कोपऱ्यातला डाग ऑक्टोपससारखा दिसतो म्हणे. मला मिसळीवरच्या तर्रीसारखा वाटला.

वहिनी: भूक लागलीये हिला.

मी, 9.35: ऑक्टोपस सापडला. दोतोम्बोरीच्या कालव्याकाठी उभी आहे, समोर ग्लिको या गोळ्याबिस्किटांच्या कंपनीच्या पाटीवरचा तो हात वर करून पळणारा माणूस. ताकोयाकी घेतली, आठ नग, आपले साधारण साडेतीनशे रुपये. जीभ भाजली.

आजी (वहिनीच्या फोनवरून): हे तर आप्पे.

मी: हो आजी! पात्र तस्संच, खळग्यांचं. पण कृती ऐक. पीठ खळग्यात मोजून घालत नाहीत, सगळ्या पात्रावर सांडेपर्यंत ओततात. मग ऑक्टोपसचे तुकडे, कांद्याची पात, लाल आलं, तळणातला चुरा. खालून धरलं की दाभणासारख्या सळईने मधलं सांडलेलं पीठ कापायचं, कडा आत कोंबायच्या आणि पाव गिरकी द्यायची. अर्धा गोळा उभा राहतो, आतलं कच्चं पीठ खाली ओघळतं आणि तेच उरलेला अर्धा होतं. म्हणून गोल. आपले आप्पे चपटे राहतात कारण आपण मोजून घालतो. तो माणूस दोन्ही हातात सळया घेऊन पन्नासेक गोळे फिरवत होता, बघायचा नाही पात्राकडे. मी दहा मिनिटं नुसती उभी.

आजी: आत कच्चं ठेवतात?

मी: मऊ. गरम पिठल्यासारखं.

मावशी: मी एप्रिलमध्ये टूरबरोबर येतेय. शाकाहारी काय मिळेल ते आधी सांग. टूरवाले म्हणाले, सगळीकडे व्हेज आहे.

मी: मावशी, त्यांचं ऐकू नकोस. मासा दिसत नसला तरी असतो. दाशी नावाचं पाणी असतं, कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाचं आणि सुकवलेल्या बोनिटो माशाच्या काचऱ्यांचं. ते उडोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्श्यात, ताकोयाकीच्या पिठात, भाज्यांच्या उकडीतसुद्धा. वरून भुरभुरतात त्या काचऱ्या वाफेने अशा हलतात की जिवंत वाटतं. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, "दाशी नको" म्हणायचं. भाजलेलं रताळं बिनधास्त खा. उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा दुकानात मिळतो, पाकीट वाचून घे. मेतकूट आणच.

मावशी: मेतकूट, थेपले, भडंग. लिहून घेतलं.

मी: एक गोष्ट तुला आवडेल. शिन्सेकाई भागात कुशिकात्सु खाल्लं, काडीला टोचून तळलेलं काहीही. कमळकाकडी, कांदा, अंडं. सॉस समाईक असला तर ठळक पाटी असते: दोनदा बुडवायचं नाही. चावलेली काडी पुन्हा घातली की दुकानदार ओरडतो. कमी पडला तर कोबीच्या पानाने उचलून वर घालायचा.

मावशी: म्हणजे उष्टं पाळतात. बरं वाटलं.

वहिनी: (पण तळणीचं तेल एकच असणार, मावशी.)

मावशी: तू गप्प बस.

आई: एकटी जेवताना कसंसं होत नाही?

मी: इथे नाही होत. ओट्यासमोर एकेक खुर्ची, तोंड आचाऱ्याकडे. शेजारचा पण एकटाच. आपल्याकडे "किती जण?" विचारतात आणि एक म्हटलं की मागे बघतात ना, तसं कोणी बघितलं नाही. फक्त सरकत्या जिन्यावर शिव्या खायची वेळ आली होती. टोकियोत डावीकडे उभं राहायची सवय लागली, इथे उजवीकडे उभे राहतात.

दादा: रेल्वेचं कार्ड घेतलंस का?

मी: इकोका. त्यांच्या बोलीत "इको का" म्हणजे "जायचं का?" रोज फाटकावर मला कार्डच विचारतं.

मी, 2.10: आजी, तुझ्यासाठी होझेनजीला गेले. दोतोम्बोरीच्या गोंगाटामागे दगडी बोळ, त्यात छोटं देऊळ. तिथला बौद्ध देव फुदो म्यो-ओ म्हणजे मूळचा संस्कृतातला अचल. लोक ओगराळ्याने मूर्तीवर पाणी घालतात. इतकी वर्षं घातलंय की डोक्यापासून पायापर्यंत शेवाळ. तोंड दिसत नाही.

आजी: अभिषेक. तू घातलंस?

मी: दोन ओगराळी. एक तुझं.

मी: आता दोगुयासुजीत आहे, भांड्यांची गल्ली. ताकोयाकीचं पात्र घेऊ का?

दादा: विजेचं नको. तिथे 100 व्होल्ट, इथे 230. लावलं की धूर.

बाबा: बॅगेचं वजन किती झालंय?

आई: काही आणू नकोस, घरात आहेत दोन.

आजी: बिडाचं आहे का?

मी: बिडाचंच. गॅसवरचं. घेतलं पण.

आजी: खळगे किती?

मी: अठरा.

आजी: आपल्यात सात. आण.