मदत हवी आहे: तगरीवर डोळेवाली अळी सापडलीय, आणि लेकीला प्राण्यांबद्दल नेटवर नीट कुठे शिकता येईल?

देवरुखची_आई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही देवरुखजवळ राहतो, लेक सातवीत आहे, मराठी माध्यम, आणि तिला किडे बेडूक साप सगळ्याचं वेड. घरात एका डब्याचं झाकण धड नाही, सगळ्यांना खिळ्याने भोकं पाडलेली.

तर झालं असं की गेल्या शनिवारी दारातल्या तगरीवर दोन अळ्या दिसल्या, हिरव्यागार, बोटाएवढ्या लांब आणि करंगळीपेक्षा जाड, आणि डोक्याच्या मागे दोन मोठे निळे-पांढरे डोळे. काडीने जरा हलवलं की मान आत ओढून तो भाग फुगवायची आणि ते डोळे अजूनच मोठे दिसायचे, मला तर धस्स झालं. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "अगो ही तीच घोणस अळी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, डसली की पाच मिनिटांत माणूस जातो." झालं, मी खराट्याने एक खाली पाडली आणि चपलेने... तुम्ही समजून घ्या. लेक बाहेरून आली, तिने बघितलं, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसरी तिने श्रीखंडाच्या डब्यात ठेवली तगरीची पानं घालून. तीन दिवस नुसती बकाबका खात होती, रोज सकाळी डब्याच्या तळाशी मिऱ्यांएवढ्या लेंड्यांचा थर. आणि काल सकाळपासून खाणं बंद, पाठ काळपट तपकिरी पडलीय आणि डब्यात गोल गोल फिरतेय. आजारी पडली का? झाडावर कसलंही औषध मारलेलं नाही.

नेटवर शोधलं तर फोटो टाकून शोधायच्या अ‍ॅपने एकदा साप सांगितला, एकदा प्लास्टिकचं खेळणं. एका एआयला विचारलं तर रेशमाचा किडा आहे, तुतीचा पाला द्या म्हणाला, एवढ्या ठामपणे की मी तुती शोधायला निघणार होते. यूट्यूबवर तर भीतीदायक म्युझिक लावून 'सर्वात खतरनाक' छाप व्हिडिओ. मला इंग्रजी अडखळत वाचता येतं, लेकीला अजून जड जातं. तर एक म्हणजे या अळीचं काय करू, आणि दुसरं, मुलांना प्राणिशास्त्र शिकायला भरवशाचं, शक्यतो फुकट, असं काय आहे? क्लासचे पैसे भरायची सध्या ऐपत नाही, स्पष्टच सांगते.

टॉर्चवाला

ताई आधी डबा बघा, बाकी नंतर! आजारी नाहीये ती, कोषात जायची तयारी चाललीय. ही अळी पूर्ण वाढली की रंग बदलते, खाणं सोडते आणि झाड उतरून जमिनीवर पाल्यात जागा शोधत फिरते. तुमच्या डब्यात तिला जागाच मिळत नाहीये म्हणून ती गोल फिरतेय. एखादी जुनी बादली घ्या, तळाला तीन-चार बोटं भुसभुशीत, किंचित दमट माती, वर वाळका पाला भरपूर, एक खरबरीत काठी उभी करा आणि तोंडाला फडकं बांधा. काठी विसरू नका, बाहेर आल्यावर पतंगाला चढून लोंबकळावं लागतं, नाहीतर पंख नीट पसरत नाहीत. आणि मग उकरून बघायचं नाही, लेकीला हे तीनदा सांगा.

ही ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी, शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरिआय. नेरिआय म्हणजे नेरियमवरची, आणि नेरियम म्हणजे आपली कण्हेर. कण्हेरीचा चीक आपल्याला विषारी, ही मात्र खुशाल खाते, तगरही तिला चालते. ते डोळे खोटे आहेत, खरं डोकं त्याच्या पुढे इवलंसं असतं, पक्ष्याला घाबरवायला हे सगळं सोंग. डसत नाही, मागचं शिंगही टोचत नाही.

देवरुखची_आई

केलं केलं, बादलीत टाकल्या टाकल्या दहा मिनिटांत पाल्याखाली गेली! पण मग घोणस अळी म्हणजे काय, ती खोटीच का?

आष्टीकर

खोटी नाही ताई, पण तुमच्या तगरीवरची ती नाही. आमच्या बीड जिल्ह्यात २०२२ च्या सप्टेंबरात तिने नुसता धुमाकूळ घातला होता, म्हणजे अळीने कमी आणि फॉरवर्डने जास्त. ती स्लग कॅटरपिलर, लिमाकोडिडी कुलातली, बुटकी चपटी आणि अंगभर काटेरी केस. केस अंगात घुसले की प्रचंड आग होते, सूज येते, काही जणांना सलाइन लावावी लागली हे खरं. पण पाच मिनिटांत मरण वगैरे बाता. लोक उसात जायला घाबरत होते त्या दिवसांत. केस घुसलेच तर चिकट टेप लावून ओढून काढायचे, साबणाने धुवायचं, आणि दम लागला किंवा फार सूज आली तर सरळ दवाखाना. नावात घोणस आली की आपला माणूस अर्धा तिथेच संपतो.

निवृत्त_मास्तर

ताई, मराठीतून हवं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, पूर्ण मोफत, प्राण्यांवरच्या नोंदी चांगल्या आहेत. पण मुलीला थेट तिकडे सोडू नका, भाषा जड आहे. आधी 'कुमार विश्वकोश'चा जीवसृष्टी आणि पर्यावरण हा भाग द्या, तो मुलांसाठीच केलेला आहे. आणि बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. तिच्याच सातवीच्या विज्ञानात पहिला धडा अनुकूलन आणि वर्गीकरणाचा आहे, तो झाला की दहावीच्या विज्ञान भाग २ मधला 'प्राण्यांचे वर्गीकरण' वाचायला द्या. कळेल तेवढं कळेल, वेड असलं की मुलं दोन-तीन वर्षं पुढचं सहज ओढतात.

एक घोळ आधीच सांगून ठेवतो. शाळेच्या पुस्तकात वर्गीकरणाचा, मोठ्या गटापासून लहान गटापर्यंत, क्रम असतो गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती ही जीनस आणि जाती ही स्पीशीज. पेपरवाले मात्र सर्रास स्पीशीजला प्रजाती लिहितात. पोर गोंधळली तर तिचा दोष नाही, माझी दहावीची पोरं दरवर्षी गोंधळायची.

टॉर्चवाला

मास्तरांना +१. त्यात भर घालतो. तुमची खरी अडचण मराठी-इंग्रजी नाहीये ताई, नाव माहीत नाही ही आहे. 'हिरवी अळी डोळे' शोधून कचराच येणार. शास्त्रीय नाव एकदा हाती लागलं की ते कुठल्याही भाषेत तेच, ते टाकून शोधा, मग बघा काय काय उघडतं. मॉथ्स ऑफ इंडिया आणि बटरफ्लाइज ऑफ इंडिया या दोन साइट आहेत, आपल्याकडच्याच जातींचे फोटो, अळी कोष पतंग सगळ्या अवस्था आणि कुठल्या झाडावर वाढते तेही. इंग्रजीत आहेत पण फोटोला भाषा लागत नाही, उरलेलं ब्राउझरला भाषांतर करायला सांगा, विनोदी मराठी येतं पण अर्थ लागतो. सगळ्या प्राण्यांसाठी मिशिगन विद्यापीठाची अ‍ॅनिमल डायव्हर्सिटी वेब आहे, १९९५ पासून चालू, काय खातो कुठे राहतो पिल्लं किती असं खाते पाडून लिहिलेलं असतं.

नाव शोधायला आयनॅचरलिस्ट. फोटो टाकला की आधी कॉम्प्युटर अंदाज सांगतो, तो चुकतोही, पण नंतर खरी माणसं येऊन ओळखतात आणि दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं तरच ती नोंद पक्की धरतात. फोटो तीन काढा, वरून, बाजूने, आणि तिसरा ती ज्या झाडावर होती त्याच्या पानाफुलाचा. हा तिसरा फोटो कोणीच काढत नाही, आणि अळ्यांमध्ये अर्धं उत्तर त्यातच असतं. तुमच्या त्या एआयला तगर दिसली असती तर कदाचित रेशमाचा किडा म्हणाला नसता. कदाचित.

दोन_मुलांची_आई

ताई एक सांगू का, आयनॅचरलिस्टवर १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही. तुमच्या नावाने काढा किंवा तिला सीक नावाचं अ‍ॅप द्या, त्यांचंच आहे, खातंबितं काही लागत नाही आणि मुलांना बॅज मिळतात, आमचा धाकटा बॅजपायी गटाराशी बसतो. आणि खातं काढलंत तर घरातल्या फोटोंना लोकेशन 'अस्पष्ट' ठेवायची सोय आहे ती वापरा, नाहीतर अंगणातली तगर थेट नकाशावर. पक्ष्यांसाठी मर्लिन नावाचं अ‍ॅप, आवाज ऐकवला की पक्षी सांगतं, भारताचा पॅक आधी डाउनलोड करावा लागतो तो वायफायवर करा, मोठा आहे.

कात्रज_ते_कोयना

सगळं छान आहे पण साप अ‍ॅपवर ओळखायचा नाही, हे लेकीला आजच बजावा. कवड्या आणि मण्यार, दोन्ही काळपट, दोन्हीवर पांढरे पट्टे, कवड्या बिनविषारी आणि मण्यार विषारी, झोपेत चावली तर कळतही नाही. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठसठशीत असतात, कवड्याचे मानेकडे ठसठशीत आणि मागे पुसट होत जातात, हे वाचायला सोपं आहे, पण रात्री न्हाणीघरात साप सळसळत असताना कोण पट्टे बघतो! फोटो काढायचाच तर लांबून, झूम करून. नाहीतर सर्पमित्राला फोन, आणि चावला तर मांत्रिक नाही, सरकारी दवाखाना.

देवरुखची_आई

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. उशिरा येतेय कारण मध्ये गौरी-गणपती झाले आणि बादली देवघराशेजारी, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसलो की फडकं उचलू नका.

तर चौदाव्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, लेक ओरडतच आली. काठीवर चढून बसलेला, पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले. आम्ही दोघी खाली मांडी घालून बसलो, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, आणि हळूहळू ते पंख उलगडत खाली आले. हिरवा, त्यात गुलाबी आणि पांढरट पट्टे, जणू कोणीतरी संगमरवरावर रंग ओतलाय. टॉर्चवाले, तुम्ही रंग आधी सांगितला नाहीत ते बरं केलंत. तासाभराने थरथरायला लागला, मग एकदम उठला आणि तगरीवरून गेला. शेजारच्या काकूही होत्या, म्हणाल्या "हीच का ती गो?" आणि गप्प बसल्या.

लेकीने वही केलीय. पहिल्या पानावर तारीख, झाड, डॅफ्निस नेरिआय, आणि खाली कंसात 'एक आईने मारली'. तेवढं खोडायला तयार नाही.

आता कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं दिसणारं काहीतरी हललंय. झाडासकट तीन फोटो काढून झालेत. पण कृपा करून कोणी इथे नाव सांगू नका, ती म्हणतेय मला शोधू दे.