कुलाब्याचं हरवलेलं स्टेशन

मुंबईतलं चर्चगेट हे पश्चिम रेल्वेचं पहिल्यापासून शेवटचं स्टेशन होतं, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. १९३० पर्यंत गाड्या चर्चगेटच्याही पुढे कुलाब्यापर्यंत जायच्या. तेव्हाच्या बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपनीचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीचं, टर्मिनस तिथे होतं. कापसाचा मोठा बाजारही तिथेच भरायचा, त्यामुळे गाठींची ने-आण रुळांवरून सोयीची पडे. पुढे हा बाजार शिवडीकडे गेला. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्यातूनच आलं.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती एका गोष्टीची. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली, आणि जेमतेम तीन वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० ला, स्टेशन कायमचं बंद! बॅकबे या खाडीत भर घालून नवी जमीन तयार करण्याच्या कामासाठी रेल्वेची जमीन सरकारला हवी होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल त्याच महिन्यात, १८ डिसेंबरला उघडलं होतं. लोकल चर्चगेटला थांबू लागल्या.

आज त्या जागेवर बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. तिथे निदान एक माहितीफलक तरी लागायलाच हवा.