चेन सतत सैल होते : फक्त चेन बदलावी की दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण सेट?

सिडकोवासी

नमस्कार. माझी १५० सीसीची मोटरसायकल रोज नाशिकच्या सिडकोहून घोटीपर्यंत महामार्गाने जाते आणि संध्याकाळी परत येते. सुट्टीच्या दिवशी त्र्यंबकेश्वर किंवा वणीकडे फेरी होते. गाडीला बंद चेन केस नाही, चेन उघडी आहे आणि सध्याचा सेट वीस हजार किलोमीटरच्या पुढे गेला आहे. यंदाचा पावसाळा संपल्यापासून चेन ताणून घेतली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा लोंबू लागते. अ‍ॅडजस्टर आता शेवटच्या खुणांजवळ पोहोचला आहे. गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले की चेन एका जागी बरीच ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागते. याशिवाय पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की मागून "खट्" असा आवाज येतो.

अंबडच्या एका मेकॅनिकचे म्हणणे असे की स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर चालते त्या दातेरी चाकांचे, दाते अजून चांगले आहेत, त्यामुळे नुसती चेन बदलली तरी चालेल. दुसऱ्याने पूर्ण सेटच बदलण्याचा सल्ला दिला. दोघांच्याही शब्दावर विसंबण्यापेक्षा स्वतः मापून ठरवावे अशी माझी इच्छा आहे. हे घरी कसे मापावे? पावसाळ्यात चेनला कोणते तेल द्यावे? आणि महामार्गावर इंजिन कमी फिरावे म्हणून पुढचे स्प्रॉकेट एका दात्याने मोठे बसवावे, असे एक मित्र सुचवतो, ते योग्य आहे का?

पान्हा

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

चेन लांब होते तेव्हा तिच्या बाजूच्या पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश, म्हणजे पोकळ नळी, असते, आणि कडी स्प्रॉकेटवर वळताना या दोन पृष्ठभागांचे घर्षण होऊन ते झिजतात. एका सांध्याची झीज डोळ्यांना दिसणारही नाही इतकी असते, परंतु ११८ कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा केवळ ०.१ मिलिमीटर झिजला तरी संपूर्ण चेन जवळजवळ १२ मिलिमीटरने वाढते. आपला अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणांकडे सरकला आहे, तो याच वाढीमुळे.

आपल्या वर्गातील बहुतेक गाड्यांना ४२८ क्रमांकाची चेन असते, तरी पट्टीवर कोरलेला आकडा एकदा वाचून खात्री करावी. या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. चेन आधी स्वच्छ करून खालच्या बाजूने ताणून धरावी आणि सलग २१ पिना मोजून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने घ्यावे. नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर भरते. साधारणतः १ ते २ टक्के वाढ ही चेन बदलण्याची मर्यादा मानली जाते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. एक टक्का म्हणजे सुमारे २५६.५ आणि दोन टक्के म्हणजे सुमारे २५९ मिलिमीटर. चेन असमान झिजलेली असल्यामुळे चाक फिरवून निदान तीन-चार ठिकाणी माप घ्यावे आणि त्यांतले सर्वांत मोठे माप ग्राह्य धरावे.

आता स्प्रॉकेटविषयी. दाते "चांगले दिसतात" या निरीक्षणावर मी निर्णय सोपवत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या बिंदूपाशी चेन बोटांनी धरून सरळ मागे ओढावी. नवा सेट असेल तर ती जवळजवळ हलत नाही. ती दात्यापासून इतकी सुटली की अर्ध्याहून अधिक दाता उघडा दिसू लागला, तर चेन आणि स्प्रॉकेट यांची जुळणी संपली आहे असे समजावे. पुढचे स्प्रॉकेट कव्हर काढून स्वतः पाहावे, कारण ते झाकलेले असते आणि अनेकदा कोणी उघडूनही पाहत नाही.

मापनपट्टी

वरील उत्तराला एक जोड देतो. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देतो.

पुढे १४ आणि मागे ४२ दाते आहेत असे समजा. मागचे स्प्रॉकेट एकदा पूर्ण फिरते तेवढ्यात पुढचे तीन वेळा फिरते, म्हणून पुढच्या प्रत्येक दात्यावर चेनचा रोलर (बुशभोवती फिरणारी गोल नळी, जी दात्यांमध्ये बसते) मागच्या दात्याच्या तिप्पट वेळा बसतो. पुढच्या लहान चाकावर चेनची कडी अधिक तीव्र कोनात वळते, त्यामुळे सांध्यातील घर्षणही तेथेच अधिक होते. मागचे दाते निरोगी दिसत असताना पुढचे हुकासारखे वळलेले असतात, ते याच कारणाने.

नुसती चेन का बदलू नये, याचे उत्तरही मापातच आहे. झिजलेल्या चेनमध्ये दोन रोलरांतील अंतर १२.७ मिलिमीटरपेक्षा वाढलेले असते, म्हणून ती दात्यांच्या बुडाशी न बसता थोडी वर चढून चालते आणि दात्यांना आपल्या वाढलेल्या अंतरानुसार झिजवते. अशा दात्यांवर अचूक अंतराची नवी चेन चढवली की भार सर्व दात्यांवर वाटला न जाता मोजक्या दात्यांवर पडतो, आणि नवी चेन जुन्या स्प्रॉकेटच्या झिजेशी जुळवून घेताना स्वतःच लवकर संपते. पैसे वाचवण्यासाठी केलेली निवड दुप्पट खर्चाची ठरते. म्हणून मापे मर्यादेच्या बाहेर असतील तर तिन्ही भाग एकत्र बदलावेत, हेच माझे मत आहे.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. ४२० आणि ४२८ या दोन्ही चेनचे अंतर १२.७ मिलिमीटरच असते, परंतु आतील रुंदी वेगळी असते. केवळ कड्यांची संख्या जुळली म्हणून एकीच्या जागी दुसरी घेता येत नाही.

सिडकोवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चेन रॉकेलने स्वच्छ करून मापली. सर्वांत सैल भागात २१ पिनांचे अंतर २५९ मिलिमीटरच्या किंचित वर भरले. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढली तर अर्ध्याहून अधिक दाता दिसतो, आणि पुढचे कव्हर उघडल्यावर दाते एका बाजूला स्पष्ट झुकलेले आढळले. पूर्ण सेट घेण्याचे निश्चित केले आहे. "खट्" आवाजाचे कारणही चेनच असावे का?

पान्हा

काही अंशी चेन, परंतु चेन हेच एकमेव कारण गृहीत धरू नये. मागचे स्प्रॉकेट ज्या हबवर बसते, त्याच्या आत कपलिंग रबरे असतात आणि इंजिनाच्या ओढीतील झटके ती शोषून घेतात. ती दबून सैल झाली की अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना नेमका असाच आवाज येतो, आणि नवा सेट बसवूनही तो जात नाही. चाक स्थिर धरून स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवून पाहावे. ठळक खेळ जाणवला तर चाक उघडलेलेच असताना रबरे बदलून घ्यावीत आणि स्प्रॉकेटकडील बेअरिंग फिरवून तपासावे. हे काम नंतर वेगळे करायचे झाल्यास मागचे चाक पुन्हा काढावे लागते, म्हणून मी नेहमी दोन्ही एकत्रच करतो.

तेलाविषयी : साध्या, म्हणजे ओ-रिंग (सांध्यातील रबरी कडी) नसलेल्या चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल उत्तम चालते. इंजिनमधून काढलेले जळके ऑइल मात्र कृपया लावू नये. पुष्कळ ठिकाणी ते फुकट मिळते म्हणून लावले जाते, परंतु त्यात काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण असतात आणि तेच सांध्यात शिरून पिना घासतात. तेल चेनच्या आतल्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटजवळ, चाक हाताने फिरवत थेंबाथेंबाने द्यावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी वरचे जास्तीचे तेल फडक्याने पुसणे आवश्यक आहे, अन्यथा धूळ त्यावर बसते. हे सर्व इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये असतानाच करावे. गिअरमध्ये चालू ठेवलेल्या गाडीच्या चेनला फडके लावताना बोटे स्प्रॉकेटमध्ये जाऊन तुटतात.

आपला रस्ता पाहता सर्वसाधारणपणे दर ५०० किलोमीटरला, आणि घोटी-इगतपुरीकडच्या पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी तेल देणे योग्य. त्या पट्ट्यातला पाऊस नाशिक शहरापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि भातशेतीच्या हंगामात रस्त्यावर येणारा चिखल उघड्या चेनवर सुकून बसतो.

गंगापूर रोड

गिअर ऑइलविषयी माझे थोडे वेगळे मत आहे. ते चाकाच्या रिमवर आणि टायरवर उडते. मी चेनसाठीचा स्प्रे वापरतो, कारण तो लावल्यानंतर घट्ट होतो आणि कमी उडतो. शक्य असेल तर नव्या सेटमध्ये ओ-रिंगची चेन घ्यावी असेही सुचवतो. तिच्या पिन आणि बुशमधील ग्रीस रबरी कड्यांनी आत बंद केलेले असते, त्यामुळे पावसाचे पाणी सांध्यापर्यंत सहज पोहोचत नाही. तिला रॉकेल चालते. पेट्रोल, थिनर आणि तारेचा ब्रश टाळावा, कारण त्यांनी रबर खराब होते. हाच विचार करून धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याची धारही मी चेनवर जवळून मारू देत नाही.

पान्हा

स्प्रेला माझा विरोध नाही. आधीची घाण न काढता त्यावर थर चढवणे, एवढेच मला चुकीचे वाटते. ओ-रिंगची सूचना रोज पावसातून जाणाऱ्याला उपयुक्त आहे. मात्र ती चेन किंचित रुंद असते, म्हणून पुढच्या कव्हरला घासणार नाही याची खात्री करून घ्यावी. आतले ग्रीस बंद असले तरी रोलर आणि दाते यांना बाहेरून तेल लागतेच.

मापनपट्टी

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता वाढवण्याबाबत : १४ आणि ४२ दात्यांचे गुणोत्तर ३.०० आहे, पुढे १५ बसवल्यास ते २.८० होते. म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे ६.७ टक्के कमी फिरेल, परंतु चाकाला मिळणारी ओढही तेवढीच घटेल. मागे माणूस बसवून आपण नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढत असाल तर खालचा गिअर वारंवार घ्यावा लागेल, आणि सपाट महामार्गावर वाचलेले पेट्रोल तेथे खर्च होईल. ज्या गाड्यांचा वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो, त्यांचा स्पीडोमीटरही चुकीचा आकडा दाखवू लागतो. आपल्या मिश्र वापराला कंपनीने दिलेली दात्यांची संख्याच योग्य आहे.

पान्हा

सहमत. शेवटी बसवण्याविषयी काही गोष्टी लिहितो, कारण चांगला सेट चुकीच्या जुळणीने वाया गेलेला मी अनेकदा पाहतो.

पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट किंवा नट जुनी चेन अंगावर असतानाच, मागचा ब्रेक दाबून ढिले करावेत. चेनची दोन टोके जोडणारी लॉकची पट्टी असेल तर तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पुढे सरकते त्या दिशेला असावी. वरच्या पदरात ती गाडीच्या तोंडाकडे येते. जुने लॉक पुन्हा वापरू नये.

चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. आपल्या वर्गात तो बहुधा २० ते ३० मिलिमीटर असतो, आणि तो चेन सर्वांत ताठ लागते त्या जागी मोजावा. काही जण मुद्दाम ताठ ठेवतात, ते टाळावे. मागचा सस्पेन्शन दबताना चेन आणखी ताणली जाते, आणि ढिलेपणा उरला नसेल तर तो भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्ही बाजूंना समान ठेवाव्यात, आणि त्यानंतर मागून पाहून चेन स्प्रॉकेटवर सरळ रेषेत चालते का, हेही तपासावे. दात्यांच्या एकाच बाजूला चकचकीत घासलेली रेघ दिसली तर चाक तिरके बसले आहे.

मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकवल्यामुळे ब्रेकच्या रॉडची जुळणी बदलते, म्हणून पेडलचा खेळ आणि मागचा ब्रेक दिवा दोन्ही पुन्हा लावून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी सैल होते, ते स्वाभाविक आहे. त्या वेळी एकदा ढिलेपणा जुळवून घ्यावा आणि एक्सलचा नट पुन्हा घट्ट केला आहे ना, हे पान्हा लावून तपासावे.