शब्दचर्चा : संत जस्टिनच्या ‘ॲपॉलॉजी’ला मराठीत काय म्हणायचं?

वसईकर :
१ जूनला दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचा, संत जस्टिनचा सण असतो. त्यानिमित्त पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या) अंकासाठी एक लेख तपासायला आलाय. लेखकाने त्याच्या ‘फर्स्ट ॲपॉलॉजी’ ह्या ग्रंथाच्या नावाचं ‘पहिली क्षमायाचना’ केलंय. वाचणाऱ्याला वाटेल, गडी सम्राटापुढे नाक घासायला गेला होता! प्रत्यक्षात इ. स. १५५च्या सुमारास त्याने सम्राट अंतोनिनस पायसला सुनावलं होतं, की नुसतं ‘ख्रिस्ती’ हे नाव ऐकून शिक्षा देऊ नका; आमची वागणूक तपासा आणि गुन्हा सापडला तर खुशाल शिक्षा करा. माफीचा मागमूस नाही. मग शब्द कोणता? ‘समर्थन’ सुचतोय, पण तो राजकीय पाठिंब्यासारखा वाटतो.

जुनी पोथी :
ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपीने आपल्या बाजूने केलेलं भाषण. सॉक्रेटिसने अथेन्सच्या न्यायसभेत केलं ते ‘अपोलोगिया’च, आणि त्यानेही माफी मागितली नव्हती. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, असं जे सांगितलंय (३:१५), तिथे मूळ शब्द हाच आहे. इंग्रजीत पुढे त्याचा अर्थ घसरत माफीपर्यंत गेला. ती घसरण आपण मराठीत कशाला आणायची?

काळा कोट :
वसईकर, शब्द तयार आहे : कैफियत. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपलं लेखी म्हणणं देतो, त्याला आमच्याकडे आजही कैफियतच म्हणतात. आरोप काय, ते खोटे का, आमची हकीकत काय, सगळं तिच्यात येतं. ‘जबाब’ म्हटलं तर पोलीस ठाणं आठवतं, ‘बचाव’ म्हटलं तर काहीतरी लपवल्यासारखं वाटतं.

जुनी पोथी :
कैफियत उत्तम! फक्त एक पाचर मारतो. पहिल्या प्रकरणात जस्टिन स्वतः ह्या लेखनाला ‘एन्तेउक्सिस’ म्हणतो, म्हणजे सम्राटाकडे केलेला अर्ज. म्हणजे रूप अर्जाचं, आशय कैफियतीचा. त्यातही तो नुसतं ‘आम्ही निर्दोष’ म्हणून थांबत नाही. रविवारी आम्ही कसे जमतो, काय वाचतो, भाकर आणि द्राक्षारसाचं काय करतो, अनाथ-विधवांसाठी दान कसं गोळा होतं, हे सगळं सांगतो. आजच्या मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा, सांगाडा त्यात ओळखू येतो. लपवाछपवी नाही; अफवांना माहितीने उत्तर.

वसईकर :
कैफियत पक्का. आता पुढची अडचण. लेखात एक वाक्य आहे, ‘जे शब्दासह जगले ते ख्रिस्तीच होते, जरी त्यांना नास्तिक मानलं गेलं तरी.’ ‘शब्दासह जगणं’ म्हणजे काय? कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गातली पोरं हसतील हो.

जुनी पोथी :
हे पहिल्या कैफियतीच्या ४६व्या प्रकरणातलं. मूळ शब्द ‘लोगोस’. आपल्या बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ‘प्रारंभी शब्द होता’ असं येतं, तिथेही लोगोसच. पण ग्रीकमध्ये लोगोस म्हणजे बोलणंही आणि बुद्धीही, विवेकही. स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ तर विश्व चालवणाऱ्या तत्त्वालाच लोगोस म्हणत. जस्टिनने दोन्ही धागे एकत्र ओढले : योहानाचा लोगोस म्हणजे ख्रिस्त, त्याचं बीज प्रत्येक माणसात पेरलेलं. म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस हे ग्रीक तत्त्वज्ञसुद्धा आपलेच. ‘शब्द’ लिहिलं तर सॉक्रेटिसचा संबंध कळत नाही आणि ‘विवेक’ लिहिलं तर ख्रिस्त गायब होतो.

सांजवारा :
‘शब्दब्रह्म’ चालेल का? आपल्या वाचकाला जवळचा शब्द आहे.

जुनी पोथी :
नको, ताई. त्याच्यामागे स्वतःचं अख्खं दर्शन उभं आहे. वाचक तिकडेच जाईल. पहिल्यांदा ‘लोगोस’ असंच लिहावं, एका वाक्यात उलगडावं, पुढे तोच शब्द चालवावा. जिथे बिजाचा उल्लेख आहे तिथे ‘बीजरूप लोगोस’.

सांजवारा :
पटलं. पण मग हा माणूस सगळ्यांनाच आपल्यात ओढतो, नाही का? सॉक्रेटिसला कुणी विचारलं होतं का?

जुनी पोथी :
आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या कैफियतीत तर तो म्हणतो, की कुणीही जे योग्य बोललं ते आम्हा ख्रिस्ती लोकांचं. त्यात थोडा दावा सांगण्याचा सूर आहेच. पण त्याच्या शेजारी त्याचाच शिष्य टॅशियन ठेवून पाहा. त्याने ग्रीक विद्येची यथेच्छ खिल्ली उडवली. पुढच्या पिढीतल्या टर्टुलियन ह्या ख्रिस्ती लेखकाने तर अथेन्स आणि जेरुसलेमचा, म्हणजे ग्रीक विद्येचा आणि ख्रिस्ती श्रद्धेचा, संबंध काय, असं थेट विचारलं. ह्या दोघांपेक्षा जस्टिनचा दावा मला परवडतो. शिकलेलं फेकून द्या, असं तो म्हणत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीही १९९८च्या ‘फिदेस एत रातियो’ (श्रद्धा आणि बुद्धी) ह्या परिपत्रात तत्त्वज्ञानाशी सकारात्मक संवाद करणारा अग्रणी म्हणून त्याचं नाव घेतलंय.

वसईकर :
लेखात ‘ख्रिस्ती झाल्यावरही तो तत्त्वज्ञाचा झगा घालत असे’ असंही आहे.

काळा कोट :
‘झगा’ काढा! आपल्याकडे झगा म्हटलं की फादरच डोळ्यांपुढे येतात. जस्टिन प्रापंचिक होता ना?

जुनी पोथी :
हो, प्रापंचिकच, धर्मगुरू नव्हता. आणि ते वस्त्र शिवलेलं नव्हतं, अंगाभोवती गुंडाळायचं. ‘उपरणं’ लिहा. ह्या उपरण्याला महत्त्व आहे. त्रिफो ह्या यहुदी माणसाबरोबरच्या संवादाचा त्याचा ग्रंथ आहे, त्यात त्रिफो त्याला त्या वस्त्रावरूनच ओळखतो. त्याच संवादात जस्टिन आपलं शिक्षण सांगतो : स्टोइक गुरूकडे देवाविषयी काही मिळालं नाही, दुसऱ्याने लगेच फी ठरवायला घेतली, पायथागोरसपंथीयाने संगीत, खगोल आणि भूमिती आधी शिकून ये म्हणून परत पाठवलं, प्लेटोच्या अनुयायांकडे मन रमलं. मग समुद्रकाठी एक म्हातारा भेटला आणि त्याने बायबलमधल्या संदेष्ट्यांची ओळख करून दिली. इतकं झाल्यावरही उपरणं उतरलं नाही. ख्रिस्ताची शिकवण त्याच्या लेखी तत्त्वज्ञानच, खरं सापडलेलं.

सांजवारा :
आणि मृत्यूचं वर्णन? ‘हुतात्मा’ की ‘शहीद’?

जुनी पोथी :
इंग्रजी ‘मार्टर’च्या मुळाशी ग्रीक ‘मार्तुस’ आहे, म्हणजे साक्षीदार. गंमत म्हणजे अरबी ‘शहीद’च्या मुळाशीही साक्षच आहे, पण मराठीत तो सैनिकाला चिकटलाय. ‘हुतात्मा’त आहुती आहे, साक्ष नाही. काही ख्रिस्ती लेखनात ‘रक्तसाक्षी’ दिसतो. जस्टिनला तो चपखल बसतो, कारण त्याच्या खटल्याचा वृत्तांतच सवाल-जबाबाचा आहे. इ. स. १६५च्या सुमारास, रोममध्ये, न्यायाला बसलेला नगरप्रमुख जुनियस रुस्तिकस. हा स्वतः स्टोइक, सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू! त्याने विचारलं, कोणती विद्या शिकतोस? जस्टिनचं उत्तर असं, की मी सगळ्या शिकवणी शिकायचा प्रयत्न केला आणि ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या शिकवणीला मान्यता दिली.

मला त्याहून आवडतो तो त्याच्या सोबत्यांचा भाग. रुस्तिकस विचारतो, जस्टिनने तुम्हाला ख्रिस्ती केलं का? एव्हेल्पिस्तस हा सम्राटाचा गुलाम सांगतो, की जस्टिनचं बोलणं मी आनंदाने ऐकत होतो, पण ख्रिस्ती होणं मला आईवडिलांकडून मिळालं. सहा सोबत्यांसह जस्टिनचा शिरच्छेद झाला.

काळा कोट :
म्हणजे गुरूने श्रद्धा दिली असं शिष्यच म्हणत नाही. लेखात हे घ्याच, वसईकर. शाळा चालवणाऱ्या आपल्या लोकांनी वाचण्यासारखं आहे.

वसईकर :
घेतो. मग असं ठरलं : ‘पहिली कैफियत’, ‘लोगोस’, ‘उपरणं’, ‘रक्तसाक्षी’. शीर्षकात लेखकाने ‘जस्टिन मार्टर’ लिहिलंय, जणू मार्टर हे आडनाव. ते ‘रक्तसाक्षी संत जस्टिन’ करू ना?

जुनी पोथी :
करा. आणि जमलं तर खाली त्याचं गाव द्या : फ्लाविया नेआपोलिस, आजचं पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस.