आईचा कॅन्सर आणि आपण घरचे : अनुभव लिहा

कोपऱ्यावरची
काल दसऱ्याची साफसफाई करताना माळ्यावर तीन पुडी स्टीलचा डबा सापडला. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मामीच्या अक्षरात "मऊ भात वर, ताक खाली". तिथेच बसले दहा मिनिटं. खालून लेक विचारतेय, आई काय झालं, पाल आहे का?

आईला २०११ साली ब्रेस्टचा कॅन्सर निघाला, २०१९ ला ती गेली. आठ वर्षं. लोक म्हणतात "तेव्हा आई आजारी होती ना", जसा काही एक पावसाळा होता. त्या आठ वर्षांत माझं लग्न झालं, बाळंतपण झालं, भावाने दोन नोकऱ्या बदलल्या, बाबा रिटायर झाले. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग बरीच वर्षं नुसती रोजची एक गोळी आणि सांधेदुखी, आणि मग हाडांत निघालं.

चिपळूणला कोकणकन्या पकडायची, पहाटे अंधारात दादर, तिथून परळ, टाटा. पहिल्या खेपेला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, नंतर डोंबिवलीला मामाकडे. मामी साडेचारला उठून हा डबा भरायची. मी तिला एकदाही काही म्हटलेलं नाही, हे काल माळ्यावर लक्षात आलं.

आणि घर शेवटपर्यंत आईच चालवत होती. हाताला सलाईन आणि फोनवर बाबांना, "कोकमं उन्हात घातलीत का?" मी चिडायचे, गप पड म्हणायचे. चौथ्या केमोनंतर भांडण सोडलं आणि किराणाची यादी तिच्याचकडे द्यायला लागले.

तुम्ही कसं निभावलंत? लिहा जमेल तसं.

लाल डबा
आम्ही पॅसेंजरवाले. रत्नागिरी-दादर. आता ती दिव्यापर्यंतच येते, दादरच्या फलाटावरचा तो पहिला चहा गेला.
ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: उपचाराला जाताना रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला पाऊण माफ. हॉस्पिटलातून फॉर्मवर सही-शिक्का घ्यायचा, तिकीट खिडकीवरच काढायचं. आम्हाला हे सहाव्या खेपेला कळलं, तेही बाकावर शेजारी बसलेल्या अकोल्याच्या काकांकडून. ऑफिसातल्या कुणी सांगितलं नसतं असं नाही, पण आम्ही विचारलंच नव्हतं.

तिखटमीठ
केस गेले तेव्हा आमची आई आरशात बघून म्हणाली, "चला, तिरुपतीचं भाडं वाचलं." विग आणला, तो एकदाच घातला, भाच्याच्या मुंजीत. पुढे शाळेच्या गॅदरिंगला माझा मुलगा द्रौपदी झाला तेव्हा तोच विग कामाला आला.
आणि ते लाल औषध! पहिल्या केमोनंतर लघवी लाल झाली म्हणून बाबांनी रात्री दीड वाजता डॉक्टरांना उठवलं. औषधाचाच रंग तो. आई म्हणते, नर्सने मला सांगितलं होतं, यांना सांगायचं राहिलं.

आजोळ
द्रौपदी!! चहा सांडला माझा.

शेवगा
लक्ष्मणफळ ज्यांच्या घरी आलं नाही त्यांनी हात वर करा. आमच्याकडे एका महिन्यात सात. वर गव्हांकुर, गोमूत्र, कुठल्याशा काढ्याची पुडी. आईचं वजन ३८ किलो, आणि आत्या तिच्या चहातली साखर काढतेय.
शेवटी वहिनीने नियम काढला: जो सल्ला देईल त्याने एक रात्र हॉस्पिटलात झोपायचं. सल्ले बंद. एक लांबचा चुलतभाऊ मात्र खरंच चटई घेऊन आला. त्याला सल्ला काहीच द्यायचा नव्हता.

तिखटमीठ
वहिनी कुठल्या गावच्या? एकदा दर्शनाला येते.

सातासमुद्र
मी न्यू जर्सीत. तिकडे आई केमोला बसायची तेव्हा इथे मध्यरात्र. मी जागा राहून रिपोर्ट वाचायचो आणि ताईला प्रश्न पाठवायचो. हे औषध का, ते का नाही, दुसरं मत घेतलंत का. एका रात्री ताईचं उत्तर आलं, "प्रश्न पुरे. विजेचं बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या आजपासून तुझ्याकडे." राग आला होता. पण पाच वर्षं एकही बिल चुकलं नाही. बाबांच्या गोळ्या अजून मीच मागवतो.

पायरी
ताईंना नमस्कार सांगा. माझे दोन्ही भाऊ अजून रिपोर्टच मागतात.

अहो आई
माझी सासू. चालेल ना या धाग्यात? ऑपरेशननंतर पहिल्यांदा अंघोळ घालायची वेळ आली, मी लाजले, त्या माझ्याहून. म्हणाल्या, "तू डोळे मीट, मी पण मिटते." दोघींनी मिटले. मग तांब्या सापडेना.
कुकर झाला, नंतर लिहिते.

रात्रपाळी
नीट लिहायला वेळ नाही, आई आत्ताच झोपलीय. केमोची तिसरी सायकल चालू आहे. तोंड पूर्ण आलंय, भात सोडा, पाणीही जड जातंय. काय केलंत सांगा कुणीतरी

शेवगा
कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा आणि मीठ, दिवसातून चार-पाच वेळा खुळखुळवून थुंकायचं. लहान मुलांचा मऊ ब्रश. तिखट, आंबट, गरम सगळं बंद. पाणी गिळताच येईना झालं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.

कोपऱ्यावरची
आणि थर्मामीटर जवळ ठेव गं. १००.४ ला पोचला की सकाळची वाट बघायची नाही, रात्री असली तरी निघायचं. आम्ही तापाची गोळी देऊन झोपवलं होतं आईला. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. पाच दिवस ऍडमिट. ती रात्र मला अजून आठवते.

आजोळ
मेतकूटभात, पूर्ण गार करून, तुपाने पातळ. आमच्याकडे तेवढाच जायचा.

लाल डबा
मेतकूट घरचं का? विकतच्यात मिरची असते कधी कधी.

आजोळ
घरचंच. हरभरा डाळ, उडीद डाळ, थोडे तांदूळ, गहू, वेगवेगळं भाजून जिरं, सुंठ, हळद, हिंग. मिरची, मोहरी काढून टाकायची. प्रमाण आईला माहीत होतं, मी अंदाजाने करते आणि दर वेळी वेगळं होतं.

मुठेकाठ
शेवटचे चार महिने आम्ही पुण्यात वारज्याच्या सिप्लाच्या केंद्रात जाऊन-येऊन होतो, कॅन्सर पेशंटचं दुखणं-त्रास कमी करतात तिथे. १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. फार उशिरा गेलो. बाबांना वाटायचं तिथे जाणं म्हणजे आपणच हात टेकले. मॉर्फिनची, त्या दुखणं थांबवायच्या औषधाची, तर धास्तीच, सवय लागेल म्हणून. दीड महिना आई दुखणं सोसत राहिली, या एका शब्दापायी.
औषध सुरू झालं, आठवड्यात ती उठून बसली आणि काय मागितलं? सुईदोरा. बाबांच्या शर्टाचं वरचं बटण कधीपासून तुटलं होतं. ती पडल्या पडल्या रोज बघत होती ते.

सातासमुद्र
बाबांना फोन करतो जरा.

अहो आई
आले परत. सगळं वाचलं. माझं राहिलेलं लिहायचं होतं, पण बटणानंतर काही लिहवत नाही. त्या तशा बऱ्या आहेत, सातवं वर्ष. आत्ता बाहेरून ओरडतायत, दूध उतू जातंय.

रात्रपाळी
सोड्याने थोडा फरक आहे. सकाळी चार घास मेतकूटभात गेला. ताप नाही. आई विचारत होती रात्रभर कुणाशी बोलतेस. वाचून दाखवलं थोडं. द्रौपदीला हसली, तोंड दुखत असताना. म्हणाली, त्या मेतकूटवालीला सांग, थोडी धण्याची पूड पण घाल.

कोपऱ्यावरची
मामीला फोन केला आत्ता. म्हटलं मामी, तुझा तो डबा सापडला, आणि पुढे बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "अगं बाई, तुझ्याकडे होय! मधला पुडा आठ वर्षं शोधतेय मी. येताना आण, आणि रिकामा आणू नकोस."